हळूहळू दबणारी गादी

दोन वर्षांपूर्वी माझी आई घरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे तिला अंथरुणातच काढावे लागणार होते. डॉक्टरांनी बजावले, "हाड सांधेल, पण पाठीला जखम होऊ देऊ नका." आम्ही लगेच बाजारात जाऊन हाताला सर्वांत मऊ लागली ती फोमची गादी आणली. चौथ्या दिवशी आईच्या माकडहाडावरची कातडी लाल झालेली दिसली. मऊ गादीवर असे का व्हावे?

याचे उत्तर शाळेत शिकलेल्या एका सूत्रात आहे: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, एका माणसाचे वजन ६०० न्यूटन आहे. तो फरशीवर उताणा निजला तर डोके, खांदे, कुल्ले आणि टाचा एवढेच भाग टेकतात. त्यांचे क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर धरू. दाब येतो १२,००० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाच्या मापात सुमारे ९० मिलिमीटर. आता अंगाखाली शरीराच्या आकाराचा खळगा पडला आणि ०.३ चौरस मीटर भाग टेकला, तर तोच दाब २,००० पास्कल, म्हणजे १५ मिलिमीटर होतो. कातडीतील केशवाहिन्यांत रक्त साधारणपणे ३२ मिलिमीटर दाबाने शिरते असे धरतात. बाहेरचा दाब याहून पुष्कळ वाढून तसाच राहिला, तर रक्त पोहोचत नाही आणि तेथील पेशी मरू लागतात. तुम्ही-आम्ही झोपेत नकळत कूस बदलतो म्हणून वाचतो. खिळून पडलेल्या माणसाला ते जमत नाही.

आमच्या गादीची चूक आता तुमच्या ध्यानात आली असेल. ती मऊ होती, पण पातळ आणि हलकी होती. आईच्या वजनाने ती पार चेपली जाई आणि हाड जवळजवळ खालच्या फळीवरच टेके. शिवाय साधा फोम स्प्रिंगसारखा वागतो. जेवढा अधिक दाबावा तेवढा तो अधिक जोराने उलट दाबतो. म्हणजे जेथे हाड पुढे आलेले, नेमका तेथेच मारा जास्त!

मेमरी फोमचे वेगळेपण येथे आहे. हाही पॉलियुरेथेनच. हे बहुवारिक १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. पण मेमरी फोममधील रेणूंच्या लांब साखळ्या नेहमीच्या तापमानाला जरा सुस्त असतात. रबराची दोरी काकवीत बुडवली आहे अशी कल्पना करा. ताणली तर ती पूर्ववत होईल खरी, पण सावकाश. स्थितिस्थापकता आणि श्यानता हे दोन्ही गुण या फोममध्ये एकत्र आले आहेत. दाबल्यावर तो थोड्या वेळाने हार मानतो, उलटा जोर कमी करतो आणि भार आजूबाजूला वाटला जातो. अंगाच्या उबेने तो आणखी मऊ होतो. 'मेमरी' म्हणजे स्मरण, पण त्याला आठवतो तो तुमचा आकार नव्हे, स्वतःचा!

जाहिरातींत याला 'अंतराळवीरांची गादी' म्हणतात. खरी हकिकत अशी की, १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी हा फोम बनवला, तो विमानातील आसनांवर धक्का सोसण्यासाठी. वजनरहित अवस्थेत तरंगणाऱ्याला गादी हवी कशाला? घरगुती गादी बाजारात आणली ती एका स्वीडिश कंपनीने, १९९१ साली.

गादी निवडताना पुष्कळजण घनता आणि कठीणपणा यांत गल्लत करतात. घनता सांगते की एका घनमीटरमध्ये किती किलोग्रॅम माल आहे. जास्त घनतेचा फोमही मऊ असू शकतो. मात्र तो लवकर बसका होत नाही. घनमीटरला ५० किलोग्रॅम किंवा अधिक असेल तर बरे. दुकानदार आकडा सांगत नसेल तर त्याच मालाची उशी तोला. ६० × ४० × १२ सेंटिमीटरची उशी १.४४ किलोग्रॅम भरली, तर घनता किती? तुम्हीच काढा. मेमरी फोमचा वरचा थर निदान ५ सेंटिमीटर आणि त्याखाली घट्ट फोमचा जाड थर असावा. रोग्याला निजवून माकडहाडाच्या जागी गादीखाली तळहात सरकवा. हाड हाताला जाणवले, तर ती गादी त्याच्या वजनाला पुरत नाही. आणखी एक गोष्ट: वातानुकूलित दुकानात हा फोम घट्ट वाटतो, एप्रिलमध्ये घरी तोच फार मऊ होतो. निरोगी माणसानेही कुशीवर दहा-पंधरा मिनिटे पडून मगच ठरवावे.

निगा राखताना आपल्या कापसाच्या गादीच्या सवयी विसरा. तिला गच्चीवर ऊन द्यायचे आणि काही वर्षांनी पिंजाऱ्याकडे न्यायचे. फोमला कडक ऊन दिले तर अतिनील किरणांनी तो पिवळा पडून भुगा होऊ लागतो. पाण्याने धुतला तर आत ओल राहून बुरशी धरते, पिळला तर फाटतो. खोळ काढून धुवावी. गादी सावलीत, वाऱ्याला उभी करावी. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे हवेच. नव्या गादीला वास येतो, म्हणून पहिले काही दिवस ती उघड्या खिडकीपाशी ठेवावी. डोक्याची बाजू पायाकडे करून फिरवावी, पण उलथी करू नये, कारण मऊ थर वरच हवा. उदबत्ती, डासांची कॉइल, विडी दूर ठेवा. पॉलियुरेथेन पेटले तर त्याचा धूर विषारी असतो.

आमची दुसरी गादी चांगली निघाली, तरी डॉक्टरांनी सूट दिली नाही. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवायच्या. लाल जागेवर बोट दाबून सोडायचे. क्षणभर फिकी झाली तर ठीक, लाली तशीच राहिली तर डॉक्टरांना कळवायचे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून ती जागा गरम किंवा टणक लागते का हेही पाहायचे. रात्रीच्या पाळ्या आम्ही भावंडांनी वाटून घेतल्या होत्या. आठवड्याभरात आईची लाली गेली.

करून पाहा: जुन्या मेमरी फोमच्या उशीचे दोन सारखे तुकडे घ्या. एक तासभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसरा बाहेर. दोन्हींवर एकाच उंचीवरून काचेची गोटी सोडा आणि ती किती उसळते ते पाहा. मग तळहाताने दोन्ही दाबून ठसा बुजायला किती सेकंद लागतात ते मोजा. साध्या फोमच्या तुकड्यावरही हेच करा आणि तिन्ही नोंदी एका तक्त्यात मांडा. थंड तुकड्याचा ठसा बुजण्याची वाट पाहताना थोडा धीर धरावा लागेल.