कॅबिनेट जुनं चालेल, डिस्क मात्र नवी घे

अगं, बाबांचा तो जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायची घाई करू नकोस. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही, म्हणून दुकानदाराने त्याला निकालात काढलं असेल. पण विंडोज ११ अडतं ते टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपवर आणि प्रोसेसरच्या पिढीवर. घरातल्या फायली एका जागी सांभाळायच्या आणि ज्याला हव्या त्याला द्यायच्या, या कामाला त्यातलं काही लागत नाही. त्या मशीनचा घरचा फाइल सर्व्हर छान होईल.

आणि तुला त्याची गरज आहे गं. लेकाचे फोटो तुझ्या फोनमध्ये, लग्नाचा व्हिडिओ डीव्हीडीवर, आजीच्या ओव्या आईच्या मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगमध्ये, घराचे स्कॅन केलेले कागद कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट, त्यापुढे पैसे. ते भरायला माझी हरकत नाही. पण आजीचा आवाज ज्या एकाच फोनमध्ये आहे, तो उद्या बसच्या गर्दीत गेला तर कुठून आणायचा? मला काळजी या एकुलत्या एक प्रतींची आहे.

म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की कर. कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम जुनं चालेल, पण आठवणी ज्या डिस्कवर ठेवणार ती नवी हवी. मदरबोर्ड जळला तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडता येते, आतलं सगळं जागेवर असतं. डिस्क गेली तर आतलं घेऊन जाते. मग डेटा परत काढून देणाऱ्यांकडे भरपूर पैसे मोजूनही सगळं मिळेलच असं नाही.

आता मशीनकडे ये. आधी वायर काढ, कॅबिनेट उघड, मऊ ब्रशने धूळ झाड, पंखे नीट फिरतात का बघ. मदरबोर्डवरचे छोटे उभे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले असतील तर त्या मशीनचा नाद सोड. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मात्र उघडू नकोस, वायर काढल्यावरही त्यात विद्युतभार साठून राहतो. तारीख-वेळ सारखी चुकत असेल तर सीआर२०३२ हा गोल सेल बदल. प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, हे नक्की पाहा, कारण आपण टाकणार ते सॉफ्टवेअर डेबियन या लिनक्सवर चालतं आणि त्याच्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या मशीनवर नव्याने इन्स्टॉल करता येत नाही. रॅम ४ जीबी असली तर पुष्कळ झाली. लॅपटॉप वापरणार असशील तर बॅटरी तपास. फुगली असेल तर ती चोवीस तास चार्जिंगला ठेवणं धोक्याचं आहे, काढूनच टाक.

सॉफ्टवेअरसाठी मी तुला ओपनमीडियाव्हॉल्ट सुचवेन. फोल्कर थाइले या जर्मन प्रोग्रामरने ते २०११ मध्ये आणलं. ते डेबियनवर उभं आहे, फुकट आहे आणि एकदा बसवलं की मॉनिटर-कीबोर्ड न लावता दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून चालवता येतं. याच कामासाठी ट्रूनॅसचं नावही तुझ्या कानावर येईल. ते उत्तम आहे, पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते, तुझ्या मशीनला तो भार नको.

ओपनमीडियाव्हॉल्ट बसवताना ते एक अख्खी डिस्क स्वतःकडे घेतं. त्यासाठी बाबांची जुनी डिस्क वापर. ती पुढे बंद पडली तर सिस्टिम पुन्हा टाकता येते. पण फॉरमॅट मारण्याआधी तिच्यावरचं बाबांचं सगळं दुसरीकडे काढून घे, आणि इन्स्टॉल होईपर्यंत नव्या डिस्कची केबल काढून ठेव, म्हणजे चुकीच्या डिस्कवर बोट पडणारच नाही.

फायली वाटण्याचं काम सांबा करतं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या सुमारास ते लिहिलं. त्यामुळे विंडोजला लिनक्सवरचं फोल्डर आपल्याच घरातलं वाटतं. प्रत्येकाला वेगळं खातं आणि पासवर्ड दे. फोटोंचं फोल्डर सगळ्यांना बघता येईल, पण पुसता फक्त तुला येईल, असं ठेव. राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेव, नाहीतर तो बदलला की आई म्हणेल, फोटो गेले. मशीन राउटरला लॅन वायरनेच जोड. जुना १०० एमबीपीएसचा पोर्ट सेकंदाला साधारण ११ एमबी नेतो, गिगाबिटचा ११० च्या आसपास. तुझं लग्न ज्या वेगाने कॉपी होईल, त्यात हा फरक डोळ्यांना दिसेल.

बाहेरगावाहून फोटो बघता यावेत म्हणून कुणी राउटरमध्ये फाइल वाटण्याचा ४४५ नंबरचा पोर्ट उघडायला सांगेल. अजिबात उघडू नकोस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद केल्या, तो विंडोजमधल्या याच फाइल वाटणाऱ्या व्यवस्थेच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून शिरला होता. ती जुनी आवृत्ती म्हणजे एसएमबी १, ती बंदच ठेव. बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्ड या व्हीपीएनचा खासगी बोगदा कर.

विजेचंही सांगते. जुना डेस्कटॉप नुसता चालू असताना ५० वॉट घेतो असं धर, तर चोवीस तासांचे महिन्याला ३६ युनिट होतात. रोज संध्याकाळी चारच तास चालवलास तर ६. घरच्या वापराला संध्याकाळ पुरते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल आणि मदरबोर्डवर डिस्प्लेची सोय असेल तर कार्ड काढून टाक. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा छोटा यूपीएस लाव आणि लाईट गेल्यावर मशीन आपण होऊन नीट बंद होईल अशी व्यवस्था कर. लिहिता लिहिता वीज गेली तर फायली बिघडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन डिस्क लावून रेड केलं, म्हणजे एकीवरचं दुसरीवर जसंच्या तसं उमटत ठेवलं, की बॅकअप झाला, असं समजू नकोस. तू चुकून एक फोल्डर पुसलंस तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. बॅकअपसाठी वेगळी यूएसबी डिस्क घे, दर रविवारी जोड, आरसिंकने प्रत काढ आणि लगेच काढून ठेव. आरसिंकही ट्रिजेलचंच, पॉल मॅकेरासबरोबर १९९६ मध्ये केलेलं. बदललेल्या फायलीच ते उचलतं, म्हणून पहिल्या वेळेनंतर काम लवकर उरकतं. आणखी एक प्रत माझ्याकडे दे. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने सांगितलेला हिशोब मला पटतो: प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत घराबाहेर. घरात पाणी शिरलं किंवा चोरी झाली तरी आजीचा आवाज माझ्या कपाटात असेल. अधूनमधून त्या डिस्कवरची चार फोल्डरं उघडून बघ. जी प्रत कधी उघडलीच नाही, तिच्यावर विसंबू नये.

आणि हे सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यात ठेवू नकोस. आयपी पत्ता, पासवर्ड, कोणती डिस्क कशाची, हे वहीत लिहून आईला दाखव. तिच्या फोनवरून ते फोल्डर एकदा तिच्याकडूनच उघडून घे. तू आजारी पडलीस, परगावी गेलीस, तरी घरच्यांना आपले फोटो मिळायला हवेत.

या शनिवारी एवढंच कर: कॅबिनेट साफ कर, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून जुन्या डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे तिच्या तब्येतीचा अहवाल, काढ आणि मला पाठव. त्यात रिअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या आणि संशयित जागा, शून्य असल्या तर तिच्यावर सिस्टिम टाकू. मग सगळ्यांचे फोटो किती जीबी होतात ते मोज, त्याच्या निदान दुप्पट जागेची नवी डिस्क आणि तेवढीच बॅकअपची डिस्क एकदमच विकत घे. पैसे एकीलाच पुरत असतील तर महिनाभर थांब, पण दुसरीशिवाय सुरुवात करू नकोस. आजीचं रेकॉर्डिंग तेवढं आजच मला पाठवून ठेव.