वटवाघूळ व मोहाचे झाड

वटवाघूळ म्हटले की घरोघरी अपशकुनाची भीती उभी राहते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या काही विद्यार्थ्यांनी एका जुन्या चिंचेवरील वटवाघळांना दगड मारले. खाली पडलेल्या मादीच्या छातीला पिल्लू बिलगलेले होते. आम्ही मुलांवर रागावलो. पण या प्राण्याविषयी आम्ही त्यांना शिकविले तरी काय होते? ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

वटवाघूळ हा पक्षी नसून सस्तन प्राणी आहे. मोठ्या जातीच्या मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते. म्हणून एकदा मोडलेली वस्ती सावरण्यास फार काळ लागतो. ते आंधळे असते हा समजही खोटा. फळे खाणारी वटवाघळे डोळ्यांनी व वासाने वाट काढतात. किडे खाणारी लहान वटवाघळे आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतात व शेतावरील कितीतरी किडे फस्त करतात.

आता आपल्या मोहाचे पाहू. त्याची फुले रात्री उमलतात. त्यांचा गोड, मांसल भाग खाताना वटवाघळाच्या अंगाला पराग लागतो व दुसऱ्या झाडावर पोचतो. पुढे फळे पिकली की ती दूर नेऊन खाल्ली जातात व बी तेथे पडते. पहाटे आपण टोपलीत फुले वेचतो. त्या झाडाचा माळी रात्रीच येऊन गेलेला असतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच वगळली. १ एप्रिल २०२३ पासून हा बदल अमलात आला.

मग आपण काय करावे? ज्या वड-पिंपळ-चिंचेवर ती दिवसा लटकतात ती झाडे तोडू नयेत. धूर करून वा फटाके वाजवून त्यांना हाकलू नये. सावधगिरीही हवी. केरळात २०१८ साली निपाहची साथ आली, तेव्हा तो विषाणू वटवाघळांत आढळला. म्हणून त्यांनी कुरतडलेले फळ खाऊ नये, जखमी वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये. चावल्यास जखम साबणाने धुवून तत्काळ दवाखाना गाठावा. मात्र त्यांना मारणे हा उपाय नव्हे. दूर राहणे हाच उपाय.

ती चिंच अजून उभी आहे. यंदा तिच्यावर दगड पडू नये, एवढी जबाबदारी आम्ही शिक्षकांनी व आपण पालकांनी वाटून घ्यावी.