यात्रेत अकस्मात उद्भवणारे विकार

गडाच्या पायऱ्या चढताना छातीत दडपण येते, दरदरून घाम फुटतो, डावा हात वा जबडा दुखू लागतो. उपवासाने पित्त झाले असावे अशा समजुतीने सोबतचे लोक सोडा पाजतात, दर्शन घेऊनच उतरू म्हणतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यातील मोलाचा वेळ निघून जातो. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांना छातीत न दुखता केवळ धाप, मळमळ वा पोटाच्या वरच्या भागात जळजळही जाणवू शकते. रुग्णास चालवू नये. जागीच बसवून १०८ क्रमांकास कळवावे. ही विनामूल्य रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅननंतरच देतात. म्हणून लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. रुग्णाच्या मुखी पाणी, गोळी, इतकेच काय तीर्थही घालू नये. गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत उतरते. (तीर्थ बरे झाल्यावरही घेता येते.)

पोटात असह्य कळा येऊन पोट कडक झाल्यास रेचक देऊ नये, पोट चोळू नये. अपेंडिक्सला सूज असल्यास रेचकाने ते फुटण्याचा धोका असतो.