शालेय ग्रंथालयातील ऑनलाइन साधनांची पारख : लेखनरूपांचा प्रश्न

शालेय ग्रंथालयासाठी एखादे ऑनलाइन साधन निवडावयाचे झाले, म्हणजे त्याचा खर्च आणि त्याचे दर्शनी रूप यांचाच विचार बहुधा प्रथम होतो. मराठी ग्रंथसंग्रहाच्या बाबतीत मात्र पहिली कसोटी शोधाची असावयास हवी. जे पुस्तक शोधात सापडत नाही, ते मुलाच्या लेखी ग्रंथालयात नसतेच. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक लाभावा, असे सूत्र डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. संगणकाच्या पडद्यावर ते सूत्र एखाद्या अनुस्वारापाशीही अडू शकते.

हा अनुस्वार क्षुल्लक नाही. शासनमान्य लेखननियम १९६२ मध्ये आले आणि अनुच्चारित अनुस्वार गळाले. ‘नांव’, ‘कांहीं’ यांची ‘नाव’, ‘काही’ अशी रूपे रूढ झाली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी संग्रहांत जुन्या वळणाची पुस्तके नव्या पुस्तकांच्या शेजारी उभी असतात. सूचिकार मुखपृष्ठावरील रूप नोंदवितो, विद्यार्थी मात्र शाळेत शिकलेले रूप लिहितो. याखेरीज उच्चाराचा प्रश्न आहेच. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) शोधणारे मूल ‘शाम’ असे लिहिण्याचा संभव मोठा, आणि त्यास दोष देण्याचे कारण नाही.

याहून फसवा प्रकार ‘पऱ्या’ या शब्दात आढळतो. युनिकोड लिपिसंकेतात यातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य संधिचिन्ह जोडून. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. यंत्रास ती दोन भिन्न अक्षरमालिका वाटतात. त्यांना समान मानावे असे यंत्रास सांगितलेले नसेल, तर पऱ्यांच्या गोष्टी कपाटात असूनही हाती लागावयाच्या नाहीत.

‘कोहा’ ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० च्या आरंभी वापरात आली. तिचे नाव माओरी भाषेतील असून, परतफेडीची भावना ज्यात गृहीत असते अशी भेट, असा त्याचा अर्थ आहे. मुक्त प्रणालीस इतके समर्पक नाव क्वचितच मिळाले असेल. तिच्या मार्क २१ नोंदपद्धतीत २४६ हे क्षेत्र शीर्षकाच्या पर्यायी रूपांसाठी राखलेले आहे. मराठी ग्रंथपालाने ते रिकामे ठेवणे परवडणारे नाही.

वाचनसाहित्याच्या साधनांत प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ (२०१५) उल्लेखनीय होय. एकच गोष्ट तेथे अनेक भारतीय भाषांत वाचता येते, आणि अनुवादकाचे नावही दिलेले असते. शालेय सूचीत हेच नाव पुष्कळदा गाळले जाते व अनुवाद हा अनुवाद म्हणून ओळखूच येत नाही. तुलनात्मक अभ्यासाची ही हानी शाळेपासूनच सुरू होते.

चाचणी ग्रंथपालाने एकट्याने करू नये. वीसएक पुस्तके निवडून त्यांची नावे मुलांना केवळ ऐकवावीत, लिहून दाखवू नयेत, आणि ती त्यांच्याकडून शोधवून घ्यावीत. जे शब्द निष्फळ ठरतील ते जसेच्या तसे टिपून ठेवावेत. २४६ क्षेत्रात कोणती रूपे भरावयाची, हे त्या टिपणावरूनच ठरविता येईल.