लॉटरीच्या तिकिटाची खरी किंमत किती?



परवा संध्याकाळी सीवूड्समधील आमच्या सोसायटीतला दहावीतला एक मुलगा गणिताची वही घेऊन माझ्याकडे आला. वही तशीच मिटून ठेवून त्याने भलताच प्रश्न विचारला. "काका, लॉटरीचे तिकीट दहा रुपयांचे. लागली तर वीस लाख, नाही लागली तर दहाच रुपये गेले. मग तिकीट घेणे फायद्याचेच नाही का?"

'जुगार वाईट' असे म्हणून मला त्याची बोळवण करता आली असती. पण त्याने प्रश्न फायद्या-तोट्याचा विचारला होता, आणि त्याचे उत्तर हिशेबानेच द्यायला हवे होते. म्हणून आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी थोडा इतिहास

आपल्या देशात राज्य सरकारने लॉटरी चालवण्याची सुरुवात केरळने केली. तिची पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी निघाली. तिकीट होते एक रुपयाचे आणि पहिले बक्षीस होते ५०,००० रुपयांचे. पाठोपाठ १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. तिचे कार्यालय आपल्या नवी मुंबईतच, वाशीला आहे. सीवूड्सहून गाडीने निघाले की चौथे स्टेशन. पुढे १९९८ साली केंद्र सरकारने लॉटरीसाठी कायदा केला. एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच काढता येईल, आणि नुसत्या एका अंकावर बक्षीस देता येणार नाही, अशी बंधने त्यात आहेत.

म्हणजे सरकारी लॉटरी कायद्याने चालते आणि तिची सोडत उघडपणे निघते. तिच्यात लबाडी आहे, असे आपण मुळीच गृहीत धरायचे नाही. अगदी प्रामाणिक लॉटरीचाच हिशेब करू या.

भिशी आणि लॉटरी

तुमच्यापैकी अनेकांच्या आईची भिशी असेल. समजा, दहा जणी दरमहा पाचशे रुपये काढतात. जमलेले पाच हजार रुपये चिठ्ठी निघेल तिला मिळतात. एकदा चिठ्ठी निघालेली बाई पुन्हा चिठ्ठीत नसते. दहा महिन्यांनी प्रत्येकीने पाच हजार भरलेले असतात आणि प्रत्येकीला पाच हजार मिळालेले असतात. चिठ्ठीने फक्त कोणाला आधी आणि कोणाला नंतर, एवढे ठरते.

आता अशी एक भिशी कल्पा, की तिच्यात दहा लाख माणसे आहेत; जमलेल्या पैशातील निम्मे पैसे वाटपापूर्वीच बाजूला काढले जातात; आणि चिठ्ठी आज निघाली नाही तर पुढे निघेलच, अशी हमी नाही. अशा भिशीत तुमची आई जाईल काय? लॉटरी ही तशी भिशी आहे.

प्रत्यक्ष हिशेब

निरनिराळ्या सोडतींची बक्षिसे निरनिराळी असतात. म्हणून सोयीसाठी एक काल्पनिक सोडत घेऊ. समजा, १० लाख तिकिटे आहेत, प्रत्येक तिकीट १० रुपयांचे आहे आणि सर्व तिकिटे खपली आहेत. म्हणजे जमा झाला एक कोटी रुपये. बक्षिसे पुढीलप्रमाणे आहेत:

पहिले बक्षीस: १ तिकीट × २०,००,००० = २० लाख रुपये
दुसरे बक्षीस: १० तिकिटे × ५०,००० = ५ लाख रुपये
तिसरे बक्षीस: १०० तिकिटे × ५,००० = ५ लाख रुपये
चौथे बक्षीस: १,००० तिकिटे × ५०० = ५ लाख रुपये
पाचवे बक्षीस: १०,००० तिकिटे × १०० = १० लाख रुपये
सहावे बक्षीस: ५०,००० तिकिटे × १० = ५ लाख रुपये

एकूण बक्षिसे ५० लाख रुपयांची. ती १० लाख तिकिटांवर सारखी वाटली तर एका तिकिटाच्या वाट्याला ५ रुपये येतात. यालाच गणितात 'अपेक्षित मूल्य' म्हणतात. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५७ साली फाशांच्या खेळांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात ही कल्पना मांडलेली आहे. तेव्हा दहा रुपयांना विकल्या जाणाऱ्या या तिकिटाची खरी किंमत पाच रुपये झाली.

उरलेले ५० लाख कोठे जातात? विक्रेत्याचे कमिशन, छपाई, कर आणि सरकारचे उत्पन्न यांत. लॉटरीवरील वस्तू व सेवा कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. शिवाय १०,००० रुपयांवरील बक्षिसातून ३० टक्के आयकर आधीच कापून घेतला जातो. आपल्या उदाहरणात पहिल्या दोन बक्षिसांच्या २५ लाखांतून साडेसात लाख कापले जातील. म्हणजे तिकिटाची किंमत आणखी घसरून ४ रुपये २५ पैसे राहिली.

अजून एक गोष्ट पाहा. करापूर्वीच्या पाच रुपयांपैकी दोन रुपये एकट्या पहिल्या बक्षिसाचे आहेत. ते बक्षीस दहा लाखांत एकालाच मिळते. बाकीच्यांच्या वाट्याला सरासरी तीनच रुपये येतात. दर आठवड्याला एक तिकीट घेणारा माणूस वर्षाला ५२० रुपये घालतो आणि पहिले बक्षीस लागले नाही तर त्याला सरासरी १५६ रुपये परत मिळतात.

सगळी तिकिटे घेतली तर?

"जास्त तिकिटे घेतली की जिंकण्याची शक्यता वाढते ना?" असे माझ्या छोट्या मित्राने विचारले. वाढते, अगदी बरोबर. मग टोकाला जाऊ. समजा, एका शेठजींनी सगळीच्या सगळी तिकिटे विकत घेतली. आता पहिले बक्षीस त्यांनाच, दुसरेही त्यांनाच, सहाव्यापर्यंत सर्व त्यांनाच! त्यांच्या इतका नशीबवान माणूस सापडणार नाही. पण त्यांनी घातले एक कोटी आणि मिळाले ५० लाख. तिकिटे वाढवीत गेले की नशिबाचा भाग कमी होत जातो आणि तोटा निश्चित होत जातो.

याच्या उलट घडल्याचे एक उदाहरण इतिहासात आहे. १७२९-३० च्या सुमारास फ्रेंच सरकारने कर्जरोखे असलेल्या लोकांसाठी लॉटरी काढली. लहान रोखा असलेल्याला तिकीट फार स्वस्त पडे, पण जिंकण्याची शक्यता मात्र सर्व तिकिटांना सारखीच होती. ला काँदामीन या गणित्याने हिशेब केला. सगळी तिकिटे स्वस्तात मिळाली तर घातलेल्या पैशांपेक्षा बक्षिसांची रक्कम जास्त भरते, हे त्याच्या लक्षात आले. त्याने, प्रसिद्ध लेखक व्होल्तेअरने आणि इतर काही जणांनी मिळून तिकिटे गोळा केली आणि भरपूर पैसा मिळवला. सरकार न्यायालयात गेले आणि हरले. त्यांचा फायदा झाला तो योजना आखणाऱ्यांच्या चुकीमुळे. अशी चूक आजच्या सोडतींत राहील, या भरवशावर कोणी तिकीट घेऊ नये.

दहा लाखांत एक म्हणजे किती?

'दहा लाखांत एक' हे शब्द आपण सहज बोलतो. ते डोळ्यांसमोर आणू. एक नाणे घ्या आणि उडवा. लागोपाठ वीस वेळा छापच पडण्याची संभाव्यता १०,४८,५७६ मध्ये १ आहे, म्हणजे आपल्या पहिल्या बक्षिसाइतकीच. करून पाहा, लागोपाठ सहा-सात छाप पडेपर्यंतच हात दुखू लागेल.

किंवा असे पाहा. तिकीट १२ सेंटिमीटर लांब असेल तर दहा लाख तिकिटांची रांग १२० किलोमीटर होईल. सीवूड्सहून पुणे साधारण तेवढेच लांब आहे. या सबंध रस्त्यावर कोठेतरी डोळे मिटून उतरायचे आणि नेमके तेच एक तिकीट उचलायचे! दर आठवड्याला एक तिकीट घेतले, तर पहिल्या बक्षिसासाठी सरासरी १९,००० वर्षांहून अधिक वाट पाहावी लागेल.

"पण कोणाला तरी लागतेच ना?" हो, लागते. सर्व तिकिटे खपली असतील तर 'कोणाला तरी' लागण्याची संभाव्यता १ आहे. 'मला' लागण्याची संभाव्यता दहा लाखांश आहे. फोटो छापून येतो तो त्या एकाचा. ज्यांना काहीच मिळाले नाही, अशा ९,३८,८८९ तिकिटांचे फोटो कोण छापणार?

नाण्याला स्मरणशक्ती नसते

आता माझ्या एका मामांविषयी सांगतो. ते तुर्भ्याच्या बाजारात एका पेढीवर दिवाणजी होते. पै-पैचा हिशेब चोख ठेवणारा माणूस. पण लॉटरीचे तिकीट न चुकता घ्यायचे. त्यांना एकदा पाच हजार रुपये लागले होते. ती गोष्ट त्यांनी आम्हाला कितीदा सांगितली असेल, त्याला गणती नाही. न लागलेल्या तिकिटांविषयी ते कधीच बोलत नसत. "इतकी वर्षे लागली नाही, आता लागायलाच हवी," असे म्हणून पुढे पुढे ते एकाऐवजी पाच-पाच तिकिटे घेऊ लागले. मुलीच्या कॉलेजच्या फीच्या वेळी मात्र त्यांना उसने मागावे लागले. ते पैसे माझ्या आईने दिले, म्हणून मला हे ठाऊक.

मामांचे कोठे चुकले? त्यांना वाटे, मागच्या अपयशाची भरपाई पुढची सोडत करील. पण मागच्या आठवड्यात काय झाले, हे सोडतीच्या यंत्राला ठाऊक नसते. पाच वेळा काटा पडला म्हणून सहाव्या वेळी छाप पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होत नाही. दुसऱ्यांच्या पेढीचा हिशेब मामा वहीत मांडीत; लॉटरीचा हिशेब त्यांनी आठवणींवर सोडला. आठवणीत फक्त जमेची बाजू राहिली.

ते रोज दहा रुपये बाजूला टाकीत राहिले असते तर? वर्षाचे ३,६५० रुपये झाले. दरवर्षाच्या शेवटी ते ६ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले, तर तीस वर्षांनी सुमारे २ लाख ८८ हजार रुपये होतात. यात नशिबाचा काहीच भाग नाही.

वर्गात करण्याचा प्रयोग

पन्नास सारख्या चिठ्ठ्या करा. एकीवर १०, पाचांवर ३ लिहा, बाकीच्या कोऱ्या ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याला वीस चिंचोके द्या. एक चिंचोका देऊन एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवर आकडा असेल तितके चिंचोके घ्यायचे. चिठ्ठी परत डब्यात टाकून डबा हलवायचा. प्रत्येकाने वीस वेळा खेळावे आणि दर वेळची शिल्लक आलेख-कागदावर मांडावी.

चाळीस विद्यार्थी असतील तर तीन-चार जण बहुधा नफ्यात निघतील. ते आनंदाने ओरडतील आणि बाकीच्यांना वाटेल, आपलेही तसे होईल. आता खेळ पुढे चालू ठेवा. चिंचोके संपले तर वहीत उसने मांडा. शंभर खेळींनंतर नफ्यात जवळजवळ कोणीच उरणार नाही. सर्वांनी घातलेल्या आणि मिळवलेल्या चिंचोक्यांची बेरीज केली, की सुमारे निम्मे परत आलेले दिसतील. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून घ्यावा. चिंचोक्यांऐवजी पैसे मात्र वापरू नयेत.

मग सिडकोची लॉटरी?

नवी मुंबईत 'लॉटरी' म्हटले की अनेकांना सिडकोची घरे आठवतात. आमच्या मित्रानेही तोच प्रश्न विचारला. पण तेथे नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत मिळते. अर्जाचे शुल्क आणि तेवढ्या काळाचे व्याज, एवढाच खर्च. ज्याला घर मिळते तो त्याची किंमत भरतो. इतरांच्या पैशांतून त्याला बक्षीस मिळत नाही. शिक्षणहक्क कायद्याखाली शाळांतील राखीव जागांचे प्रवेश सोडतीने होतात, तेथेही तसेच. वस्तू थोड्या आणि मागणारे फार असले, की वशिल्याला वाव राहू नये म्हणून चिठ्ठी टाकणे हा उत्तम मार्ग आहे. तेव्हा 'लॉटरी' हा शब्द ऐकल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा: नंबर लागला नाही तर माझे पैसे परत येतात का?

शेवटी तो मुलगा म्हणाला, "म्हणजे दहा रुपयांचे तिकीट कधीच घ्यायचे नाही?" मी म्हटले, "मोठा झाल्यावर वर्षातून एखादे गंमत म्हणून घेतलेस, तर तो वडापावसारखा खर्च समज. पैसे परत येणार नाहीत हे धरून चाल. पण फायदा होईल म्हणून घेणार असशील, तर हिशेब तुझ्यासमोर आहे."

त्याने कागद घडी करून खिशात घातला. त्याचे वडीलही तिकीट घेतात, हे त्याने जाता जाता सांगितले. हा हिशेब तो घरी दाखवणार होता.