पहिले ५१२ बाइट

कॉम्प्युटर चालू केल्यावर सगळ्यात आधी धावणारा कोड आपल्या हातचा असावा, ही हौस प्रोग्रामिंग शिकणाऱ्या बऱ्याच जणांना असते. जीसीसी कंपायलर, बिनयूटिल्स, क्यूएमू एम्युलेटर ही साधनं फुकट मिळतात, त्यामुळे पैसे पडत नाहीत. वेळ मात्र जातो, आणि बहुतेकांचा तो त्याच त्या जागी जातो, हे मी बराच काळ बघत आलो आहे.

जुन्या बायॉसचा कारभार आटोपशीर आहे. डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, तो मेमरीत हेक्स ७सी०० या पत्त्यावर आणतो, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत ना एवढं बघतो आणि ताबा सोडतो. प्रोसेसर तेव्हा १६ बिटांच्या रिअल मोडमध्ये, १९७८ सालच्या ८०८६ सारखा वागत असतो. डिस्कचा क्रमांक डीएल रजिस्टरमध्ये मिळतो. बाकीची रजिस्टरं कशी असतील याचा भरवसा नाही.

पहिली फसगत इथेच होते. पडद्यावर एक ओळ छापणारा कोड क्यूएमूमध्ये झकास चालतो, आणि तोच पेनड्राइव्हवरून जुन्या लॅपटॉपवर चालवला की ओळीच्या जागी कचरा उमटतो. कोड तोच, पण क्यूएमूमध्ये डीएस रजिस्टर बहुधा शून्य असतो आणि त्या लॅपटॉपच्या बायॉसने त्यात भलतंच काही ठेवलेलं असतं. म्हणून सुरुवातीलाच डीएस, ईएस आणि एसएस स्वतः शून्य करावेत, स्टॅक ७सी०० पासून खाली वाढेल असा लावावा आणि मगच पुढचं काम हाती घ्यावं.

लिंकरचा घोळ त्याहून चिवट. त्याला पत्ता सांगितलाच नाही तर तो 'रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट' म्हणून अडून बसतो, कारण त्याचा नेहमीचा पत्ता १६ बिटांत मावत नाही. हे एका अर्थी बरंच. निदान चूक दिसते. पण वैतागून कुणी पत्ता सांगणाऱ्या टी-टेक्स्ट या पर्यायाला शून्य दिलं, तर जोडणी मुकाट्याने होते आणि प्रत्येक स्ट्रिंगचा पत्ता ७सी०० ने चुकतो. तिथे ७सी०० च द्यायला हवं.

सी वापरायचं ठरवलं तर सावधगिरी आणखी वाढवावी लागते. जीसीसी मुळात १६ बिटांसाठी घडवलेला नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनीही लिनक्सचा सुरुवातीचा १६ बिटांचा भाग एएस-८६ या वेगळ्या असेम्बलरसाठी लिहिला होता. जीसीसीत एम-१६ हा पर्याय २०१४ च्या ४.९ आवृत्तीपासून आहे, पण तोही ३२ बिटांच्या सूचनांना ६६ आणि ६७ चे जादा बाइट जोडूनच काम भागवतो. ५१२ बाइटांत हे परवडत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिला सेक्टर निव्वळ असेम्ब्लीत लिहावा, आणि सी पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावं.

त्या टप्प्यातही फ्रीस्टँडिंग पर्याय दिला म्हणजे सुटलो, असं नाही. साधा लूप लिहिला तरी जीसीसी त्याच्या जागी मेमसेटला हाक घालू शकतो. ते फंक्शन आपणच पुरवायचं. बीएसएसमधले ग्लोबल व्हेरिएबल आपोआप शून्य होत नाहीत, तेही आपणच करायचं. कधी कंपायलरने जोडलेला नोटचा सेक्शन दूरच्या पत्त्यावर बसतो आणि छोटीशी बायनरी फाइल काही मेगाबाइटची होते. लिंकर स्क्रिप्टमध्ये तो वगळला की प्रश्न मिटतो.

म्हणून चालवण्याआधी फाइल उघडून बघायची सवय लावावी. हेक्सडंपमध्ये आकार बरोबर ५१२ आणि शेवटी ५५ एए दिसायला हवं. लिटल-एंडियन क्रमामुळे असेम्ब्लीत तो वर्ड एए५५ असा लिहावा लागतो. उलटा लिहिला तर बायॉस डिस्ककडे ढुंकूनही बघत नाही. ऑब्जडंपला आय-८०८६ असं स्पष्ट सांगावं, नाहीतर तो १६ बिटांचा कोड ३२ बिटांचा समजून वाचतो आणि आपण नसलेल्या चुका शोधत बसतो.

राहता राहिली ही फाइल पेनड्राइव्हवर लिहिणारी डीडी कमांड. पहिल्या सेक्टरमध्ये ४४६ व्या बाइटपासून ६४ बाइटांचा पार्टिशन टेबल असतो. पेनड्राइव्हऐवजी चुकून घरच्या डिस्कचं नाव टाइप झालं, तर ५१२ बाइटांची ती फाइल हा टेबल पुसून टाकते. डीडी काही विचारत नाही, लिहून मोकळा होतो. पेनड्राइव्ह लावण्याआधी आणि लावल्यानंतर डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड चालवावी, नवं नाव कोणतं दिसलं ते आकारासकट ताडून बघावं, आणि डिस्कच्या पहिल्या सेक्टरची प्रत दुसरीकडे ठेवूनच एंटर दाबावं.