जनरेटरवर पंखे फिरतात, मोटर का नाही?

प्रश्न : आमचं घर दापोली तालुक्यात. २०२० च्या निसर्ग वादळानंतर वाडीत कित्येक दिवस लाईट नव्हती. शेजाऱ्यांकडे १ केव्हीएचा जनरेटर होता. त्यावर त्यांचे पंखे, दिवे, टीव्ही सगळं चालायचं. पण विहिरीवरची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर लावली की जनरेटर घुसमटायचा आणि बंद पडायचा. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ वॅट, असं मुलाच्या पुस्तकात दिलंय. मग १ केव्हीएला ते का झेपू नये? आम्हाला आता स्वतःचा जनरेटर घ्यायचा आहे. केवढा घ्यावा, आणि घेतल्यावर तो टिकवायचा कसा?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : मुलाचं पुस्तक खरं आहे. पण ३७३ वॅट ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद. तेवढी द्यायला घरगुती मोटर तारेतून ५५०-६०० वॅट तरी ओढते. मधला फरक बराचसा तिच्या तापण्यात जातो. तरीही १ केव्हीएत हे बसायला हवं, आणि मोटर एकदा फिरू लागली असती तर बहुधा बसलंही असतं. घोडं अडतं ते पहिल्या सेकंदाला.

फिरती मोटर आतल्या आत उलटा विद्युतदाब तयार करते आणि येणाऱ्या प्रवाहाला आवर घालते. थांबलेल्या मोटरमध्ये हा आवर नसतो. त्यामुळे बटण दाबल्याक्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह मागते. महावितरणच्या लाईनमागे अख्खं जाळं उभं असतं, त्याला हा धक्का जाणवतही नाही. फार तर घरातला बल्ब क्षणभर मंद होतो. शेजाऱ्यांच्या जनरेटरमागे मात्र एक छोटं पेट्रोल इंजिन आहे. धक्का बसला की त्याचे फेरे पडतात, फेरे पडले की व्होल्टेज पडतं, आणि पडलेल्या व्होल्टेजवर मोटर सुटतच नाही. ती नुसती हुंकार देत तापत राहते आणि इंजिन मान टाकतं. पंखे-दिव्यांचा असा हट्ट नसतो, म्हणून ते चालतात. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा थोडा असतो.

जमल्यास शेजाऱ्यांना मोटरचा कपॅसिटर एकदा तपासून घ्यायला सांगा. तो अशक्त झालेला असला की मोटर सुटायला आणखी कुरकुरते. महावितरणच्या विजेवर ते खपून जातं, जनरेटरवर उघडं पडतं.

आता केवढा घ्यावा. चार पंखे ३००, दहा एलईडी दिवे ९०, फ्रिज १५०, टीव्ही ८०, राउटर आणि मोबाईल मिळून ४० : सगळं धरून साडेसहाशे वॅटच्या आसपास. एवढ्यासाठी १ केव्हीए पुरे. तुमचा आकडा ठरणार तो मोटरवरून. अर्ध्या हॉर्सपॉवरला २.५ ते ३ केव्हीए धरा, एकला ४ ते ५. आणि मोटर नेहमी पहिली, एकटीच सुरू करा. ती गुणगुणायला लागली की मग बाकीचं जोडा. गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांना जनरेटरच्या दिवसांत सुट्टी. त्यांच्यासाठी जनरेटर मोठा घेणं म्हणजे वर्षातले चार दिवस कपडे कडक राहावेत म्हणून हजारो रुपये गुंतवणं.

दुकानात केव्हीएचे दोन आकडे दाखवतात, ‘रेटेड’ आणि ‘मॅक्सिमम’. दुकानदाराच्या तोंडी दुसरा असतो. तुम्ही पहिला विचारा. जनरेटर दोन जातींचे मिळतात. साध्या जातीचं इंजिन भार असो वा नसो, मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपासच फिरतं, कारण आपल्याकडची ५० हर्ट्झची वीज त्या फेऱ्यांवर ठरते. दुसरी इन्व्हर्टर जात. ती आधी वीज तयार करून मग इलेक्ट्रॉनिक्सने तिची घडी बसवते, त्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिन हळू चालतं, आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचतं, आणि लॅपटॉपसारख्या नाजूक वस्तूंना ती मानवते. पण ती महाग असते, आणि मोटरचा तो पहिला धक्का तिला फारसा सोसत नाही. लाल दिवा लावून ती सरळ हात वर करते. विहिरीवरच्या मोटरसाठी माझं मत साध्या जातीकडे, व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर असलेल्या यंत्राकडे झुकतं. कंपनी कुठलीही असो, खेड-चिपळूणपर्यंत तिचा मेकॅनिक आणि सुटे भाग आहेत का ते आधी बघा. आणि पैसे मोजण्यापूर्वी तुमच्या स्वतःच्या मोटरवर चालवून दाखवायला सांगा. जो दुकानदार याला का-कू करतो त्याच्याकडून घेऊ नका.

पेट्रोलचा हिशेब कुणी आधी करत नाही, म्हणून इथेच करू. अशा छोट्या यंत्रातून एका लिटरमागे साधारण दीड युनिट वीज निघते. पेट्रोल शंभरच्या वर गेलंय, म्हणजे युनिटला साठ-सत्तर रुपये पडले. अर्ध्या भारावर तर आणखी महाग. पूर्वी पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे जनरेटर होते; आता रेशनचं निळं रॉकेलच दिसेनासं झालंय. तेव्हा जनरेटर रात्रभर पंख्यासाठी चालवायचा नाही. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास लावायचा : पाण्याची टाकी भरा, फ्रिज गार करून घ्या, मोबाईल आणि इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करा. फ्रिज उगाच उघडला नाही तर मधले काही तास आतला गारवा टिकतो. रात्रीचे दिवे-पंखे इन्व्हर्टरवर. घरी इन्व्हर्टर नसेल तर जनरेटर एक नंबर लहान घेऊन उरलेल्या पैशांत इन्व्हर्टर बसवा, असंही मी म्हणालो असतो. पण तुमच्या मोटरपुढे इलाज नाही.

ठेवायचा कुठे? पावसात सगळ्यांचा हात पडवीकडे जातो. तिथेच माणसं दगावतात. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि तरी गुदमरत असतो. वादळी रात्री पडवीत जनरेटर, दारं-खिडक्या लावलेल्या, माणसं झोपलेली : यातून सकाळी कुणी न उठल्याच्या घटना जगभर घडत आल्यात. जनरेटर घरापासून किमान वीस फूट दूर हवा, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. पडवी नाही, गोठा नाही, जिन्याखाली नाही. अंगणाच्या कडेला चार खांबांवर एक पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा, खाली चिऱ्यांचा ओटा करा. झाकण्यासाठी ताडपत्री गुंडाळायची ती यंत्र थंड झाल्यावरच. आणि घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, मळमळू लागलं, तर पित्त झालं असं समजू नका. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, मग दवाखाना.

अंतर वाढलं की तार लांबते. त्यासाठी बारीक एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. २.५ चौरस मिलिमीटरची तीनपदरी तांब्याची केबल घ्या, नाहीतर वाटेतच व्होल्टेज गळेल आणि मोटर पुन्हा हुंकारच देत बसेल.

ही केबल घराला कशी जोडायची, यावर मला जरा जास्त बोलू द्या. गावोगावी एक जुगाड आहे : दोन्ही टोकांना पिना असलेली वायर. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या प्लगमध्ये, आणि मेन स्विच ‘आठवणीने’ बंद. एक दिवस आठवण राहात नाही. मग तुमची वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते आणि ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करून देतो. एरवी शेजारच्या घरांचा भार पडून जनरेटर लगेच बंद पडला असता. वादळात तारा जागोजागी तुटलेल्या असतात, भार पडायला घरंच उरलेली नसतात, आणि तुटलेल्या तारेचं दुसरं टोक महावितरणच्या जनमित्राच्या, म्हणजे लाईनमनच्या, हातात असतं. लाईन बंद आहे असं सबस्टेशनने त्याला सांगितलेलं असतं. तुमच्या जनरेटरबद्दल सबस्टेशनला काय ठाऊक? याशिवाय अचानक लाईट आली तर जनरेटर जळतो, आणि वायरीचं मोकळं टोक कुणाच्या हाताला लागलं तर काय होईल ते लिहायला नको.

यावर उपाय एकच : मीटरच्या पुढे डबल पोल चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एका बाजूला लाईन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकाच वेळी लागूच शकत नाहीत, त्यामुळे कुणाच्या आठवणीवर काही अवलंबून राहात नाही. लायसन्सवाल्या वायरमनकडून बसवून घ्या, अर्थिंगही त्याच्याकडूनच तपासा. एवढा खर्च जनरेटरच्या किमतीतच धरून चाला.

आता टिकवायचं. जनरेटर चालून झिजत नाही तितका पडून बिघडतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या हवेत त्याला पाण्याची ददात नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत महिनोन्‌महिने पेट्रोल राहिलं की त्याचा चिकट राप होतो, जेटचं केसाएवढं भोक बुजतं, आणि ऐन वादळात तुम्ही दोरी ओढून ओढून खांदा निखळवता. म्हणून दर वेळी बंद करताना बटणाने बंद करू नका. पेट्रोलचा कॉक फिरवा आणि इंजिन वाटीतलं पेट्रोल संपवून आपोआप बंद होऊ द्या. साठवलेलं पेट्रोल महिना-दीड महिन्यात स्कूटरमध्ये ओतून संपवा, नवं आणा. विनापरवाना पेट्रोल किती आणि कशात ठेवता येतं, हे १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात आहे : विक्रीसाठी नसलेलं, एकूण ३० लिटरपर्यंत, घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, आणि एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. प्लॅस्टिकचा कॅन त्यात बसत नाही. टाकी भरायची ती इंजिन बंद करून, थंड झाल्यावर.

महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं चालवा, तेही थोडा भार देऊन. दिवस लक्षात राहावा म्हणून अमावास्या धरा. त्या दिवशी गाड्यांना लिंबू-मिरची बांधतातच. नव्या यंत्राचं ऑइल पहिल्या वीस तासांनी बदलतात, पुढे शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. तुमचे शंभर तास काही भरायचे नाहीत, तेव्हा अक्षय तृतीया आणि खंडेनवमी हे दोन दिवस ठरवून टाका. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहायचं असतंच, आधी काळं ऑइल काढून घ्या. ऑइल कमी झालं की बहुतेक यंत्रं सुरूच होत नाहीत. मेकॅनिकला फोन लावण्यापूर्वी ऑइलची काडी बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचे थेंब टाकून पिळायचा आणि परत बसवायचा. स्पार्क प्लगवर काजळी असेल तर ब्रशने साफ करा. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी आहे ना ते बघा, उंदरांना ती जागा फार आवडते.

प्रश्न : आम्ही पुण्यात पाचव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत छोटा जनरेटर चालेल का?

उत्तर : नाही. धूर तुमच्या आणि वरच्यांच्या घरात जाणार. इन्व्हर्टर घ्या. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी दिवे-पंखे चार तास सहज ओढते.

प्रश्न : जनरेटर चालू असूनही आमचा इन्व्हर्टर त्यावर चार्ज होत नाही. बॅटरी खराब असेल का?

उत्तर : बॅटरीला दोष देण्याआधी इन्व्हर्टरच्या मागचा छोटा स्विच बघा. तो ‘यूपीएस’वर असेल तर इन्व्हर्टर व्होल्टेजबाबत फार चोखंदळ असतो आणि जनरेटरची खालीवर होणारी वीज नाकारतो. तो ‘नॉर्मल’वर करा. मात्र दोन तासांत बॅटरी भरेल अशी आशा नको. १५ अँपिअरने दोन तासांत १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत पाचवा हिस्साच जातो.

प्रश्न : छतावर सोलर बसवलंय, तरी लाईट गेली की भर उन्हात घर बंद! जनरेटर लावला तर सोलर जागं होईल का?

उत्तर : ग्रिडला जोडलेलं सोलर लाईट जाताच मुद्दाम बंद होतं, तेही खांबावर काम करणाऱ्या माणसासाठीच. जनरेटर लावल्यावर त्याला ग्रिड परतल्याचा भास होऊ शकतो. मग घराला नको असलेली जास्तीची वीज ते जनरेटरमध्ये ढकलेल आणि जनरेटर खराब होईल. सोलर चेंजओव्हरच्या लाईनकडच्या बाजूला जोडून घ्या, म्हणजे जनरेटर चालू असताना ते आपोआप अलग राहील. भर उन्हात लाईट नसताना सोलर वापरायचंच असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि मग तुमच्याकडे विहिरीवरची मोटर नसेल तर जनरेटरची गरजच उरत नाही.